दोन्ही हातांचा लाइल कुबिक

लाइल कुबिक बेसबॉलमध्ये दोन्ही हातांनी चेंडू टाकायचा. पेपरवाले त्याच्याकडे यायचे ते तेवढ्याचसाठी. ‘कुठला हात जास्त लाडका?’ असं विचारायचे आणि तो ठरलेलं उत्तर द्यायचा, ‘दोन्ही माझीच लेकरं.’ लोक हसायचे. तो मात्र डावा हात हळूच खिशात घालायचा. त्या हाताने टाकलेल्या चेंडूचं कौतुक झालं की त्याला ऐकवत नसे. तो चेंडू ज्याने शिकवला त्याचं आपण काय केलं, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

नेब्रास्कातल्या ज्या गावात तो वाढला तिथे मक्याच्या कोठारांहून उंच काही नव्हतं, चर्चचा मनोरासुद्धा नाही. बाप वेन्डेल त्या कोठारांचे पट्टे आणि मोटारी दुरुस्त करायचा. आई लवकर देवाघरी गेली. पोराचं तऱ्हेवाईकपण असं की चमचा डाव्या हातात, पेन्सिल उजव्या हातात, आणि दगड मारायचा तर जो हात मोकळा असेल त्याने. अ‍ॅग्नेस आत्या म्हणायची, “वेन्डेल, याचा एक हात बांधून ठेव काही दिवस. नाहीतर पोर धड ना इकडचं धड ना तिकडचं होईल.”

वेन्डेल म्हणाला, “देवानं दोन धाडलेत. एक परत कशाला पाठवू?”

त्याने शेडच्या भिंतीवर जुना टायर टांगला. जितके चेंडू उजव्याने, तितकेच डाव्याने, मगच जेवण. पण चेंडू झेलायचा हातमोजा एकाच हाताचा असतो. हात बदलला की मोजाही बदलायचा, आणि तोवर खेळ थांबायचा. तेव्हा गावात खोगिरं शिवणारा म्हातारा स्टास्नी होता, त्याने एक मोजा शिवून दिला. चार बोटं, आणि दोन्ही बाजूंना एकेक अंगठा. कुठल्याही हातात चपखल बसायचा. शाळेतल्या पोरांनी तो मोजा पाहिला आणि लाइलचं नाव पडलं खेकडा. ते आयुष्यभर चिकटलं.

कॉलेजात एकदा असा प्रकार झाला की लोक अजून सांगतात. समोरचा फलंदाजही दोन्ही बाजूंनी खेळणारा निघाला. तो डावीकडे उभा राहिला की लाइलने मोजा बदलून डावा हात काढावा. की तो उजवीकडे यावा. की लाइलने पुन्हा मोजा बदलावा. दोघांची फुगडीच सुरू झाली. प्रेक्षक पोट धरून हसले. शेवटी पंचाने मुखवटा काढला. “पोरांनो, माझी बायको जेवायची थांबलीय. खेकड्या, कुठला हात ते आधी तू सांग, मग याने ठरवावं, आणि मग कोणी हलायचं नाही.” पुढे पुढे सगळीकडे हीच रीत झाली. लाइलने प्रत्येक फलंदाजाआधी हात वर करून दाखवायचा.

बेसबॉलचं गणित साधं आहे. डावखुऱ्या फलंदाजाला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, जड जातो, उजव्याला उजवा. म्हणून प्रत्येक संघ डावखुऱ्यांसाठी एखादा वेगळा माणूस बाळगून असतो. लाइल म्हणजे कपडे टांगायच्या एका खुंटीवर दोन माणसं. उजवा हात त्याचा तयारच होता. डाव्याला वेग होता, पण चेंडू सरळ यायचा, भाकरी वाढल्यासारखा. हा हात तयार झाला तो आयोवातल्या एका नदीकाठच्या गावात, हेरन्सच्या संघात. हेरन म्हणजे बगळा. गावातले लोक संघाला बगळेच म्हणायचे. हरले की ‘आज बगळे चिखलात रुतले’.

हेरन्ससारख्या खालच्या पायरीच्या संघातल्या खेळाडूंना स्वतःचं बिऱ्हाड परवडत नाही. गावातली घरं त्यांना सीझनभर ठेवून घेतात. लाइल आणि ओरेन थिबोडो या दोघांना हावलिकांच्या माडीवरची खोली मिळाली. घरच्या बाई डोलोरेस हावलिक. ओरेन लुइझियानाचा, त्याच्या मुलखाच्या रीतीने तो त्यांना ‘मिस डोलोरेस’ म्हणायचा, मग लाइलही तसंच म्हणू लागला. बाई मोठ्या देवभोळ्या. पहाटे जपमाळ, रविवारी चर्च, आणि चर्च सुटलं की पायऱ्यांवर उभ्या राहून अर्ध्या गावाशी गप्पा. कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाची गाय आटली, सगळं त्यांच्याकडे आधी. नवरा मिलोस म्हणायचा, “देवाला नुसती हाक मारते, गप्पा बाकीच्यांशी.”

ओरेन डावखुरा. हेरन्सकडे डावखुऱ्यांसाठी होता तो हाच. हसरा, बडबडा, प्रत्येक घासावर तिखट शिंपडणारा. लाइलचा डावा हात त्याने पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“अरे, देवानं तुला दोन दिले, मला एक. आणि तू त्या दुसऱ्याची अशी अब्रू घालवतोस?”

“मग दाखव की.”

“दाराची मूठ पिरगाळल्यासारखं करतोयस. मनगट सोड. पोळपाटावरचं पीठ झटकल्यासारखी बोटं सरकव. चेंडूला कळायला नको आपण वळणार आहोत ते.”

रोज सरावानंतर तो लाइलला थांबवून घ्यायचा. दुसऱ्या कोणी स्वतःची विद्या अशी उघड्यावर मांडली नसती. बाकीचे म्हणायचेसुद्धा, “थिबोडो, स्वतःच्या खुंटीवरचा डगला काढून त्याला देतोयस.” ओरेन हसायचा. “देऊ दे. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये म्हणतात, याच्या बाबतीत ते जमायचं नाही.”

ओरेनचं कोपर दुखत होतं. रोज जेवणानंतर तो मिस डोलोरेसच्या फ्रीजमधली गोठवलेल्या मटारची पिशवी कोपराला फडक्याने बांधून बसायचा. ही गोष्ट घराबाहेर कोणाला माहीत नव्हती. राखीव पिचर मैदानाच्या कडेला एका कठड्यामागे बसतात. त्या माणसांचा धर्म एकच. दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल ऑफिसच्या माणसासमोर तोंड उघडायचं नाही. दुखत सगळ्यांचंच असतं. ज्याचं कळतं, तो घरी जातो.

एका रविवारी दुपारचा सामना संपला. लाइलने डाव्या हाताने दोन डावखुरे ओळीने बाद केले होते, ओरेनने शिकवलेल्या चेंडूवर. कपडे बदलायच्या खोलीकडे जाताना बोळात मॅनेजर स्टॅन्सिल भेटला, सूर्यफुलाच्या बिया चघळत.

“खेकड्या, तो डावा हात रोज चालेल?”

“चालेल.”

“रोज म्हणजे रोज. पाहुण्यासारखा नाही.”

“रोज.”

स्टॅन्सिलने टरफल थुंकलं. “आणि ओरेनचं कोपर कसं आहे?”

प्रश्न कशासाठी आहे हे लाइलला समजलं नाही असं नाही. ‘मला काय माहीत’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तो त्या दिवशी चढलेला होता, आणि मॅनेजर आपल्याशी असं बोळात उभं राहून बोलतोय याचं त्याला अप्रूप वाटत होतं. तो हसून म्हणाला, “ओरेन होय? त्यानं तर मिस डोलोरेसच्या मटारशी लग्न लावलंय. रोज जेवण झालं की पिशवी कोपराला बांधून बसतात दोघं.”

स्टॅन्सिलही हसला आणि पुढे गेला.

जिभेला हाड नसतं हे खरं, पण हे जिभेने चुकून केलं नव्हतं. लाइल तिथेच भिंतीला टेकून उभा राहिला. आपण काय सांगितलं? विनोद केला. असं त्याने स्वतःला सांगून पाहिलं. मागे वळावं, मॅनेजरला गाठावं, म्हणावं की मी थट्टा करत होतो, त्याचं कोपर उत्तम आहे. तो वळला नाही. संध्याकाळी हावलिकांकडे डुकराचं भाजलेलं मटण, उकडलेले पिठाचे गोळे आणि आंबट कोबी होता. ओरेनने एक गोळा डाव्या मुठीत धरला आणि बोटं कुठे ठेवायची ते लाइलला पुन्हा दाखवू लागला. मिस डोलोरेसनी त्याच्या हातावर चमचा मारला. “अन्न आहे ते. चेंडू तुझ्या बापाच्या अंगणात टाक.” सगळे हसले. तेव्हासुद्धा तो ओरेनला म्हणाला असता, ‘उद्या मॅनेजरने विचारलं तर सावध राहा,’ तर काही बिघडलं नसतं. त्याने कोबी पुन्हा वाढून घेतला, खायचा नव्हता तरी.

सोमवारी ओरेनला ऑफिसात बोलावलं आणि दार लागलं. दार लागलं की काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. तो बाहेर येईपर्यंत त्याच्या खुंटीवरची नावाची पट्टी कोणीतरी काढलीही होती. अशा वेळी कोणी त्या माणसाकडे बघत नाही. सगळे वाकून बुटांच्या नाड्या बांधतात. लाइलने आपल्या नाड्या सोडल्या, बांधल्या, पुन्हा सोडल्या.

कपडे न्यायला ओरेन घरी आला. लाइल त्याची पिशवी घेऊन दारात उभा होता. मिस डोलोरेसनी वाटेसाठी खसखशीचे गोड पाव कागदात बांधले होते. ओरेनने ते घेतले नाहीत.

“मिस डोलोरेस, या घरात मला माझ्या आईच्या घरासारखं वाटलं. पण मटारचं बोलायला नको होतं तुम्ही.”

“कुणाला रे? काय बोलले मी?”

“स्टॅन्सिलच्या बायकोशी बोलता ना चर्चच्या पायऱ्यांवर. स्टॅन्सिल माझ्याशी बोलताना ‘बर्फ’ म्हणाला नाही, ‘मटार’ म्हणाला. मटार या घराबाहेर कुणाला माहीत?” मग त्याने लाइलच्या खांद्यावर हात ठेवला. “हा तर आपल्यातला. आमच्यात असं कोणी करत नाही.”

लाइलने तोंडात मिठाची गुळणी धरली. बाई कागदाचं पुडकं हातात धरून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिल्या. बस सुटायची वेळ झाली होती, ओरेन गेला.

त्या रात्री भांडी पुसताना त्यांनी विचारलं, “बोलले असेन का रे मी?”

“मनाला लावून नका घेऊ,” लाइल म्हणाला. ना हो, ना नाही. त्या चार शब्दांवर त्याने त्यांना सोडून दिलं.

पुढच्या रविवारपासून मिस डोलोरेस चर्च सुटल्यावर पायऱ्यांवर थांबेनाशा झाल्या. मान खाली घालून तडक घरी. मिलोस म्हणाला, “आज स्वारी गप्प?” त्या म्हणाल्या, “बोलून बोलून काय मिळतं?”

लाइलला महिन्याभरात वरच्या संघात बोलावलं. गेला तो सुटल्यासारखा. तिथून आणखी वर. डावखुऱ्यांना डाव्याने, उजव्यांना उजव्याने, आणि मॅनेजर खूश की एका माणसात दोघांचं काम होतंय. प्रत्येक गावात त्याच्या येण्याने एखादी नावाची पट्टी निघत असणार, पण ती माणसं त्याला ठाऊक नव्हती, आणि ठाऊक नसलेल्याचं ओझं कमी होतं. एक उन्हाळा तर त्याला अगदी वरच्या संघात मिळाला, दिव्यांच्या झगमगाटात, टीव्हीवर. बाप वेन्डेल शेवटच्या रांगेत बसून रडला. दुसऱ्या दिवशी मिस डोलोरेसचा फोन आला.

“पाहिलं रे तुला. तो शेवटचा डाव्या हाताचा चेंडू अगदी ओरेनसारखा टाकलास.”

“हो.”

“त्याचा काही पत्ता? त्याच्या जुन्या पत्त्यावर नाताळला कार्ड पाठवते मी. उत्तर येत नाही.”

“नाही हो. काही कळलं नाही.”

ओरेन कुठे आहे ते त्याला कळलं होतं. लुइझियानात, दलदलीच्या काठी, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. एका जुन्या सोबत्याने नंबरही दिला होता. तो नंबर लाइल नव्या फोनमध्ये दरवेळी उतरवून घ्यायचा आणि कधी लावायचा नाही. पहिल्या वर्षी त्याला भीती होती ती सोबत्यांची. आपल्यातला माणूस ऑफिसात बोलला हे कळलं तर कोणी जवळ बसलं नसतं. मग ती भीती संपली आणि दुसरी सुरू झाली. इतकी वर्षं गप्प का होतास, याला काय उत्तर द्यायचं?

उजवा खांदा निकामी झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “नशीब तुमचं, तुमच्याकडे दुसरा आहे.” त्यानंतरची वर्षं तो नुसत्या डाव्या हातावर जगला. म्हणजे ओरेनच्या चेंडूवर. स्टास्नीच्या मोज्याचा तोच एक अंगठा आता कायम रिकामा राहायचा.

वय वाढलं तसा तो एकेक पायरी खाली आला आणि शेवटच्या सीझनला पुन्हा हेरन्समध्ये पोचला. मिलोस वारला होता. माडी रिकामीच होती. क्लबने विचारलं, ‘हावलिकबाईंकडे राहशील?’ नको म्हणायला त्याला कारण सुचेना, आणि खरं तर जावंसंही वाटत होतं, जसं दुखऱ्या दातावर जीभ जाते.

बाई थकल्या होत्या. स्वयंपाक तोच, घर तसंच नीटनेटकं, पण घरात आवाज नव्हता. शेजारीण दारात आली की त्या ‘हो’, ‘नाही’, ‘देवाची कृपा’ एवढंच बोलायच्या. लाइलशी जेवताना चार वाक्यं. पूर्वी या बाईला गप्प करायला चमचा वाजवावा लागायचा.

ऑगस्टातल्या एका रविवारी त्या चर्चहून आल्या, टोपी काढली आणि त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

“लाइल, ओरेनचा नंबर तू शोधून दे मला. कुणाला तरी विचार.”

“कशासाठी?”

“मला त्याची माफी मागायचीय. आज फादरना सगळं सांगितलं. ते म्हणाले, देवाने केव्हाच माफ केलं असेल, पण ज्याचं नुकसान केलंस त्याला तोंडाने सांग.” त्यांनी पदरासारखा झग्याचा घोळ मांडीवर सारखा केला. “मला आठवत नाही मी बोलले ते. पण तेव्हा मी बोलायचेच किती. सुटलं असेल तोंडातून. पोराचं आयुष्य गेलं माझ्यापायी, लाइल. वर गेल्यावर मिलोस विचारेल, मी काय सांगू?”

पापाला वाचा फुटते म्हणतात. लाइलला मात्र ती ओढून बाहेर काढावी लागली. तो आधी पाणी प्यायला. मग पेला ठेवला.

“तुम्ही नाही बोललात.”

“तुला काय माहीत?”

“मी बोललो. स्टॅन्सिलनं मला विचारलं, ओरेनचं कोपर कसंय. मी हसत हसत मटारचं सांगितलं. मला त्याची जागा हवी होती.”

शेजारच्या अंगणात कोणी गवत कापत होतं, ते यंत्र थांबलं, पुन्हा सुरू झालं.

“तू दारात उभा होतास,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“त्याची पिशवी तुझ्या हातात होती.”

“हो.”

“आणि मी रात्री तुला विचारलं.”

“मिस डोलोरेस, मला माफ—”

“मला नको सांगूस.” आवाज चढला नव्हता. “आधी त्याला. माझ्यासमोर. लाव फोन.”

“नंबर आहे माझ्याकडे,” लाइल म्हणाला. हे सांगणं त्याला मघाच्यापेक्षाही जड गेलं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याने त्याला कळलं की ओरेनचं काही कळलं नाही असं आपण फोनवर म्हणालो होतो ते त्यांना नीट आठवतंय.

फोन वाजला. पलीकडे इंजिनाचा आवाज, मग तो बंद झाला. “बोला, थिबोडो.”

“ओरेन, लाइल बोलतोय. कुबिक.”

“खेकडा?” ओरेन हसला. “अरे लेका, मेलास की काय म्हटलं. टीव्हीवर पाहिलं होतं तुला. माझा चेंडू टाकत होतास, मी बायकोला दाखवला.”

हसत नसता तर बरं झालं असतं. लाइलने डोळे मिटले आणि सगळं सांगितलं. बोळ, मॅनेजर, मटार, दारातलं गप्प राहणं. मध्ये कुठेही ‘मी थट्टा केली’ असं म्हटलं नाही. ते म्हणायची त्याला फार सवय होती.

“ऐकतोयस ना?”

“मिस डोलोरेस आहेत अजून?” ओरेनने विचारलं.

“इथेच आहेत. समोर.”

“त्यांना दे.”

लाइलने फोन पुढे केला. बाईंनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी बोलत होता. त्या मान हलवत होत्या, डोळे वाहत होते ते पुसत नव्हत्या. मग म्हणाल्या, “ते जाऊ दे. तू जेवलास का? बायको काय करते? मुलं किती?” आणि फोन घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. दार अर्धं उघडं होतं. लाइलला तिथून त्यांचं बोलणं ऐकू येत राहिलं: कोणाचं घर विकलं, मिलोस कसा गेला, नव्या फादरना गाता येत नाही. इतकं बोलणं या घरात त्याने त्या सोमवारनंतर ऐकलं नव्हतं.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्याने विचारलं, “माझ्याबद्दल काही म्हणाला?”

“नाही.”

“काहीच नाही?”

“तुझं नाव घेतलं नाही त्याने. सीझन संपला की बायकोला घेऊन येतो म्हणाला, मला भेटायला.”

लाइल माडीवर गेला. पिशवी काढली, शर्ट भरले, मोजा वर ठेवला. जिना उतरताना त्याला बरंही वाटत होतं. असं पिशवी घेऊन निघणं त्याला येत होतं. खाली बाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या.

“कुठे निघालास?”

“क्लबात कुठेतरी सोय होईल. तुमच्या डोळ्यांपुढे मी—”

“माझ्या डोळ्यांची काळजी तू नको करूस. ओरेन येईल तेव्हा तू इथे असशील. त्याला काय बोलायचंय ते तो तुझ्या तोंडावर बोलेल. तू पळालास हे त्याला सांगायला मला लावू नकोस. माझ्या तोंडून पुष्कळ निघालंय आजवर, निघालं नाही तेही माझ्याच माथी आलं.”

“तो मारेलही मला.”

“मारू दे,” त्या म्हणाल्या. “पिशवी वर ठेव. ताट वाढलंय.”

पिशवी हातात तशीच धरून लाइल मधल्या पायरीवर उभा होता. त्या त्याची वाट न बघता वळल्या आणि टेबलाशी जाऊन बसल्या. थोड्या वेळाने तोही आला. त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण कोबीचं भांडं त्याच्या बाजूला सरकवलं. तो जेवायला बसला.